आठ मेगाबाइटांचा सातबारा

आठ मेगाबाइट म्हणजे आजच्या हिशेबात काहीच नाही. बऱ्या मोबाइलवर काढलेले दोन-तीन फोटो तेवढी जागा खातात. टीपी-लिंकच्या डब्ल्यूआर९०२एसी नावाच्या, तळहातावर मावणाऱ्या राउटरमध्ये मात्र सगळं काही तेवढ्यातच बसवलेलं असतं. लिनक्सचं कर्नल, दोन रेडिओंचे ड्रायव्हर, येईल त्या उपकरणाला पत्ता वाटून देणारा प्रोग्राम, फायरवॉल, ब्राउझरमध्ये उघडणारी सेटिंगची पानं. या सगळ्याला मिळून फर्मवेअर म्हणतात. जोडीला ६४ मेगाबाइट रॅम आणि ५८० मेगाहर्ट्झचा मीडियाटेकचा प्रोसेसर. इथरनेटचं एक पोर्ट, एक यूएसबी, बाजूला सरकवायचं एक बटण. मोबाइलच्या साध्या चार्जरवर चालतो, पॉवर बँकेवरही चालतो. म्हणून त्याला ट्रॅव्हल राउटर म्हणतात.

हे आठ मेगाबाइट पुसून तिथे स्वतःच्या पसंतीचं, खुल्या सोर्सचं फर्मवेअर घालणारी मंडळी जगभर आहेत. पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला त्यांना लागणाऱ्या सगळ्या वस्तू मिळतात, जरी त्या विकणाऱ्यांना गिऱ्हाईक घरी जाऊन त्यांचं काय करणार आहे याच्याशी देणंघेणं नसलं तरी. ‘बॉक्स उघडला की वॉरंटीचं आम्हाला विचारू नका,’ एवढं एका दुकानदाराने मला बजावलं. त्याच्या दृष्टीने विषय तिथेच संपला.

आधी हा डबा सोबत न्यायचा कशाला, ते पाहू. हॉटेलात वायफाय जोडायचं म्हणजे खोलीचा नंबर, आडनाव, मग ओटीपी. नवऱ्याचा फोन, बायकोचा फोन, दोन लॅपटॉप, पोरांचा टॅब, प्रत्येकासाठी तीच कवायत. आणि काही ठिकाणी तर एका खोलीला दोनच उपकरणांची मुभा. ट्रॅव्हल राउटर हॉटेलच्या नेटवर्कला एकटाच जाऊन चिकटतो आणि आपल्या पाठीमागे खोलीत एक खासगी वायफाय उभं करतो. त्याला घरच्या वायफायचंच नाव आणि घरचाच पासवर्ड दिला की सगळी उपकरणं न विचारता जोडली जातात. सार्वजनिक वायफाय आपल्याकडे ओटीपीवाचून हलत नाही. जानेवारी २०१६ मध्ये रेलटेल आणि गुगलने मिळून स्टेशनांवर मोफत वायफाय द्यायला मुंबई सेंट्रलपासून सुरुवात केली, तेव्हापासून ही सवय आपल्याला लागली आहे. दिवाळीला अमेरिकेतून आलेल्या भाच्याजवळ इथलं सिम नसतं, मग तो काकाच्या ओटीपीची वाट बघत बसतो. मामला एका राउटरपुरता असला तर ओटीपी एकदाच मागावा लागतो.

कोकणात याचा दुसरा उपयोग पाहायला मिळतो. गणपतीत गावी गेलेला, रजा न मिळालेला आयटीतला मुलगा घरभर रेंज शोधतो आणि ती सापडते माडीच्या एकाच खिडकीत. तिथे फोन ठेवायचा, यूएसबीच्या वायरने तो राउटरला जोडायचा आणि खाली माजघरात बसून मीटिंग करायची. फोनचा हॉटस्पॉटही हे काम करतो. पण तो लवकर तापतो आणि त्याचं वायफाय जुन्या घराच्या जाड भिंतींपुढे हात टेकतं.

यातली बरीचशी कामं कंपनीचं मूळ फर्मवेअरही करतं, हे आधीच सांगितलेलं बरं. वर्षातून दोनदा महाबळेश्वरला जाणाऱ्या कुटुंबाने हा उपद्व्याप करायची गरज नाही. वेगासाठी करत असाल तर मुळीच करू नका. फर्मवेअर बदलल्याने रेडिओ मोठा होत नाही. प्रश्न आहे राउटरच्या आयुष्याचा. स्वस्त राउटरला कंपनी पहिली काही वर्षं सुधारणा पुरवते, मग मॉडेल जुनं ठरवून मोकळी होते. डबा तसाच चालत राहतो, आतलं सॉफ्टवेअर मात्र विकत घेतलं त्या वर्षात गोठून बसतं. मे २०१८ मध्ये सिस्कोच्या टॅलोस या संशोधन विभागाने व्हीपीएनफिल्टर नावाचा रोग उघडकीला आणला, तेव्हा ५४ देशांतल्या किमान ५ लाख उपकरणांना त्याची लागण झालेली होती. लिंक्सिस, मायक्रोटिक, नेटगिअर, टीपी-लिंक, सगळ्यांचे राउटर त्यात होते. अमेरिकेच्या एफबीआयने लोकांना जाहीर आवाहन केलं: आपापला राउटर बंद करून पुन्हा चालू करा. लोकांनी तेवढं केलं असेलही. पण ज्या मॉडेलसाठी कंपनीकडून नवं फर्मवेअर येणारच नव्हतं, त्याच्या मालकाला बंद-चालू करण्यापलीकडे काही करता येण्याजोगंच नव्हतं.

राउटरचं बिल आपल्या नावावर फाटलेलं असतं. त्या आठ मेगाबाइटांच्या सातबाऱ्यावर मात्र मालक म्हणून कंपनी, आणि आपण कसणारे कूळ. ही नोंद बदलता येते, हे लोकांना कळलं एका कायदेशीर भांडणातून.

लिंक्सिसने डिसेंबर २००२ मध्ये डब्ल्यूआरटी५४जी नावाचा निळा-काळा, दोन अँटेनांचा राउटर बाजारात आणला. मार्च २००३ मध्ये सिस्कोने लिंक्सिस सुमारे ५० कोटी डॉलरच्या शेअरांना विकत घ्यायचं जाहीर केलं. त्याच वर्षी जूनमध्ये अँड्र्यू मिक्लास या प्रोग्रामरने लिनक्स कर्नल बनवणाऱ्यांना कळवलं की या राउटरचं फर्मवेअर लिनक्सवर चालतंय, पण त्याचा सोर्स कुठेही दिलेला नाही. लिनक्सचा परवाना जीपीएल. तो फुकट वापरू देतो, बदलू देतो, विकू देतो. अट एवढीच की ज्याला वस्तू दिली त्याला मागितल्यावर तिचा सोर्सही द्यायचा. लिंक्सिसने दिला नव्हता. गंमत अशी की लिंक्सिसलाही बहुधा आपण काय विकतोय याचा पुरता पत्ता नव्हता. चिप ब्रॉडकॉमची, तिच्यावरचं सॉफ्टवेअर तैवानच्या सायबरटॅनने तयार केलेलं, डब्यावर शिक्का लिंक्सिसचा, आणि हे सगळं घोंगडं आता येऊन पडलं सिस्कोच्या गळ्यात. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने आणि कर्नलच्या लेखकांनी पाठपुरावा केला आणि त्याच वर्षी सोर्स बाहेर आला.

एवढ्याने सगळ्या कंपन्या सरळ झाल्या असं नाही. पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, जर्मनीतल्या हारल्ड वेल्टे या कर्नल-लेखकाने साइटकॉम या डच कंपनीला म्युनिकच्या कोर्टात खेचलं. वेल्टे लिनक्सच्या फायरवॉलचे एक कर्ते. त्यांचंच काम न सांगता राउटरमध्ये विकलं जात होतं. कोर्टाने मनाई हुकूम दिला आणि जीपीएल हा कोर्टात टिकणारा परवाना आहे, यावर शिक्कामोर्तब झालं. सिस्कोवरही फाउंडेशनने २००८ मध्ये दावा लावलाच. तो पुढच्या वर्षी तडजोडीने मिटला.

इकडे हाती आलेल्या सोर्सवर लोक तुटून पडले होते. त्यातून २००४ च्या सुरुवातीला ओपनडब्ल्यूआरटी हे खुलं फर्मवेअर उभं राहिलं. नावातलं डब्ल्यूआरटी त्या निळ्या राउटरचं. डीडी-डब्ल्यूआरटी, टोमॅटो ही भावंडंही त्याच घरातली. राउटरमध्ये शिरायची पहिली वाट मात्र एका निष्काळजीपणाने दिली होती. डब्ल्यूआरटी५४जीच्या सेटिंगमध्ये पिंग करून बघायची एक चौकट होती. तिथे पत्ता टाकायचा. पण चौकट काय टाकलंय ते तपासतच नव्हती. पत्त्याऐवजी लिनक्सची आज्ञा लिहिली की राउटर ती निमूटपणे पाळायचा. लोकांनी ती चौकट वापरून राउटरला सांगून ठेवलं: चालू होताना दोन-चार क्षण थांब, वायरवरून कोणी नवं फर्मवेअर देतंय का बघ, देत असेल तर घे. टीएफटीपी नावाची फाइल पाठवायची एक जुनी, अगदी साधी रीत आहे. तिने फाइल जायची. आजही बऱ्याच राउटरचं प्राण वाचवायचं औषध तेच आहे.

लिंक्सिसने २००५ मध्ये पाचव्या आवृत्तीत लिनक्स काढून व्हीएक्सवर्क्स ही बंदिस्त प्रणाली टाकली. मेमरी निम्मी केली, त्यामुळे खर्च वाचला. डब्याचं नाव आणि रूप जवळजवळ तेच. पण जुन्याला इतकी मागणी होती की कंपनीने तेच जुनं लिनक्सवालं यंत्र नावाला ‘एल’ जोडून, डब्ल्यूआरटी५४जीएल म्हणून, पुन्हा विकायला काढलं आणि ते कितीतरी वर्षं विकलं गेलं. फर्मवेअर बदलता येणं हा विक्रीचा मुद्दा होऊ शकतो, हे या धंद्यात तेव्हा पहिल्यांदा कोणाच्या तरी लक्षात आलं असावं.

प्रवासी आकाराचा पहिला लाडका डबा टीपी-लिंकचा डब्ल्यूआर७०३एन. २०११ च्या सुमारास तो चीनच्या बाजारासाठी निघाला. बाजू जेमतेम पावणेसहा सेंटिमीटर, आत ॲथेरॉसची ४०० मेगाहर्ट्झची चिप, चार मेगाबाइट फ्लॅश (फर्मवेअर साठवायची जागा), ३२ मेगाबाइट रॅम. सेटिंगची पानं फक्त चिनी भाषेत. ज्यांना चिनीचा गंध नव्हता, त्यांनी पडद्यावरच्या चित्रांशी बटणांच्या जागा जुळवून ओपनडब्ल्यूआरटी चढवलं. मग या डब्याने काय काय केलं! कोणी त्यावर रोबो चालवले, कोणी चिप उपटून त्या जागी १६ मेगाबाइटची चिप झाळली. न्यूयॉर्कचे कलाध्यापक डेव्हिड डार्ट्स यांची ‘पायरेटबॉक्स’ची कल्पना अशाच डब्यांवर पसरली: इंटरनेटशी न जोडलेलं एक वायफाय, जवळ येईल त्याने फाइल ठेवावी, हवी ती घ्यावी. ग्रंथपाल जेसन ग्रिफी यांनी त्यातून ‘लायब्ररीबॉक्स’ काढला आणि जिथे इंटरनेट नाही अशा जागी पुस्तकं वाटायला वापरला.

आता प्रत्यक्ष फर्मवेअर बसवणं. सुरुवातीला उल्लेखलेला ९०२एसी समोर ठेवूनच सांगतो, कारण त्याच्यात सगळे खाचखळगे एका जागी भेटतात.

पहिलं काम डबा उलटा करून तळाचं स्टिकर वाचणं. त्यावर मॉडेलच्या खाली बारीक अक्षरात व्हर्जन छापलेलं असतं आणि या धंद्यातला सगळा घोळ त्या एका आकड्यात आहे. ९०२एसीच्या पहिल्या आवृत्तीत क्वालकॉम-ॲथेरॉसची चिप आहे, तिसरीत मीडियाटेकची. बाहेरून दोन्ही जुळी भावंडं. एकाचं फर्मवेअर दुसऱ्यात घालणं म्हणजे चालता राउटर घालवणं. ओपनडब्ल्यूआरटीच्या उपकरणांच्या तक्त्यात मॉडेलसोबत व्हर्जन लिहिलेलं असतं, ते अक्षर न अक्षर जुळलं पाहिजे. दुकानात डबा हातात घेऊन हे बघता येतं. ऑनलाइन मागवताना फोटो एका आवृत्तीचा आणि वस्तू दुसऱ्या आवृत्तीची येऊ शकते, म्हणून या कामासाठी मी गल्लीतल्या दुकानाला झुकतं माप देईन.

फाइली तीन तऱ्हेच्या दिसतात. ‘फॅक्टरी’ नावाची असते ती कंपनीच्या फर्मवेअरमधून पहिल्यांदा उडी मारायला. ‘सिसअपग्रेड’ ही एकदा ओपनडब्ल्यूआरटी बसल्यावर पुढच्या आवृत्तीला जायला. आणि काही मॉडेलांना ‘टीएफटीपी-रिकव्हरी’. ९०२एसीची तिसरी आवृत्ती कंपनीच्या अपग्रेडच्या पानातून ओपनडब्ल्यूआरटी घेत नाही, तिला तिसरीच फाइल लागते. फाइल उतरवली की तिचा एसएचए-२५६ ठसा तपासायचा, म्हणजे मधल्या वाटेत एखादा बाइट गळला नाही याची खात्री. कंटाळवाणं काम आहे, दोन मिनिटांचं आहे, आणि टाळू नये.

मग लॅपटॉपचं वायफाय बंद. इथरनेटची वायर लावायची. नव्या लॅपटॉपना इथरनेट नसतंच, त्यासाठी यूएसबीचा ॲडॉप्टर. लॅपटॉपला हाताने पत्ता द्यायचा, १९२.१६८.०.२२५. हाच का? तर राउटरच्या बूटलोडरमध्ये, म्हणजे चालू होताना सर्वांत आधी जागा होणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये, कोणीतरी तो कायमचा लिहून ठेवला आहे आणि संकटात राउटर फक्त याच पत्त्यावर मदत मागतो. त्या पत्त्यावर टीएफटीपी सर्व्हर चालू ठेवायचा आणि फाइलचं नाव बदलून ‘टीपी अंडरस्कोर रिकव्हरी डॉट बिन’ करायचं, कारण बूटलोडर दुसरं कुठलंही नाव ओळखत नाही. आता रीसेटचं बटण टोकदार पिनेने दाबून धरायचं, तसंच धरून वीज द्यायची, सहा-सात सेकंद सोडायचं नाही. सगळं जुळलं तर सर्व्हरच्या खिडकीत एक ओळ उमटते: अमुक पत्त्याने फाइल मागितली. ती ओळ आली की बटण सोडायचं आणि वायरीला हात लावायचा नाही. फाइल उतरेल, फ्लॅशवर लिहिली जाईल, राउटर आपला आपण पुन्हा चालू होईल. महावितरणवर भरवसा नसेल तर पॉवर बँक लावा. अर्धवट लिहिलेलं फर्मवेअर घेऊन डबा उठत नाही.

ती ओळ उमटली नाही तर बहुतेक वेळा दोष राउटरचा नसतो. विंडोजची फायरवॉल बाहेरून आलेली टीएफटीपीची मागणी गिळून टाकते आणि माणूस बटण दाबायच्या सेकंदांचं गणित बदलत बसतो. फायरवॉल तेवढ्यापुरती उतरवली की काम होतं.

ज्या चिपवर हे लिहिलं जातं तिचे दोन भाग समजून घेतले की निम्मी भीती जाते. मुख्य फर्मवेअर दाबून भरलेलं आणि फक्त वाचता येणारं असतं. आपण केलेले बदल, पासवर्ड, नावं, सगळं त्याच्या वरच्या वेगळ्या थरावर लिहिलं जातं. सेटिंगचा कितीही चुथडा झाला तरी वरचा थर पुसला की खालचं कोरं फर्मवेअर जसंच्या तसं. राउटर चालू होताना दिवा लुकलुकत असतानाच बटण दाबलं तर तो वरच्या थराकडे न बघता उठतो. त्याला फेलसेफ म्हणतात. आणि फर्मवेअरच बिघडलं तरी बूटलोडर वेगळ्या जागी शाबूत असतो, टीएफटीपीची वाट पुन्हा मोकळी. बूटलोडरच पुसला तर मात्र डबा उघडून पिना जोडण्याची वेळ येते. साध्या वापरात तिथे हात जात नाही.

पहिल्यांदा ओपनडब्ल्यूआरटी बसवणारा हमखास घाबरतो तो यानंतर. राउटर चालू, दिवा लागलेला, पण फोनवर वायफायच दिसत नाही. राउटर मेला नसतो. ओपनडब्ल्यूआरटीत वायफाय मुळात बंद ठेवलेलं असतं, कारण पासवर्ड न घातलेलं वायफाय उघडं टाकणं त्यांना मान्य नाही. वायरनेच जायचं, १९२.१६८.१.१ उघडायचं, रूट म्हणून आत शिरायचं. पासवर्ड कोरा असतो. तो आधी घालायचा. मग रेडिओच्या सेटिंगमध्ये देश भारत निवडायचा आणि वायफाय चालू करायचं. ही पानं ज्यात उघडतात त्या ‘लूसी’ला मराठीचंही पॅकेज आहे. स्वयंसेवकांनी केलेलं, अपुरं. काही बटणं मराठीत, काही इंग्रजीत. वेळ असेल त्याने हातभार लावावा.

९०२एसीला इथरनेटचं पोर्ट एकच. ओपनडब्ल्यूआरटी ते आतल्या बाजूचं समजतं. हॉटेलच्या भिंतीतली वायर लावायची तर ते बाहेरच्या बाजूचं करावं लागतं. वायफाय चालू करायच्या आधी ते केलं तर आपणच स्वतःला घराबाहेर कोंडून घेतो. क्रम महत्त्वाचा.

प्रवासात छळणाऱ्या गोष्टी तीन. घरी नुसतं टेबलावर ठेवून त्या दिसत नाहीत, म्हणून सविस्तर सांगतो. एक, पत्त्यांची टक्कर. हॉटेलचं नेटवर्कही १९२.१६८.१ ने सुरू होणारं असलं आणि आपला राउटरही तेच पत्ते वाटत असला, तर कुठला १९२.१६८.१.१ खरा याचा त्यालाच संभ्रम पडतो. घरून निघायच्या आधीच आपल्या बाजूचा पत्ता काहीतरी आडवळणी करून ठेवावा. दोन, लॉगिनचं पान न उघडणं. हॉटेलचं यंत्र तुमच्या पहिल्या मागणीला आपल्या खासगी पत्त्याचं उत्तर देऊन लॉगिनच्या पानाकडे वळवतं. ओपनडब्ल्यूआरटी असलं उत्तर हल्ला समजून फेकून देतं. सुरक्षेच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, पण तुम्ही खोलीत कोऱ्या पडद्यासमोर बसता. ‘रीबाइंड प्रोटेक्शन’ नावाची ती खूण लॉगिनपुरती काढावी लागते.

तिसरी गोष्ट सगळ्यांत त्रासाची. एकाच रेडिओने हॉटेलच्या वायफायलाही जोडलंय आणि त्याच रेडिओने खोलीतही वायफाय दिलंय. आता तुम्ही दुसऱ्या गावी गेलात. राउटर कालच्या हॉटेलचं नाव शोधतो, ते सापडत नाही, आणि ते सापडेपर्यंत तो खोलीतलं वायफायही उभं करत नाही. म्हणजे नवं हॉटेल निवडायला राउटरमध्ये शिरायचं, आणि शिरायची वाटच बंद. यावर ‘ट्रॅव्हलमेट’ नावाचं पॅकेज आहे. ते ओळखीची नेटवर्कं क्रमाने चाचपतं, न सापडलेल्याला बाजूला ठेवतं, काही ठिकाणी लॉगिनही उरकतं. माझ्या मते प्रवासी राउटरवर बसवायचं पहिलं पॅकेज हेच. दोन रेडिओंचा डबा असेल तर हॉटेलला ५ गिगाहर्ट्झने आणि खोलीला २.४ ने, अशी वाटणी करावी. एकच रेडिओ दोन्हीकडे राबवला की वेग जवळपास निम्मा होतो.

व्हीपीएनबद्दल फार बोललं जातं, त्यातलं बरंचसं जाहिरातींचं. ओपनडब्ल्यूआरटीवर वायरगार्ड नावाचं व्हीपीएन चांगलं चालतं, पण ५८० मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरकडून सगळी वाहतूक कुलूपबंद करून घ्यायची तर वेग काही दशक मेगाबिटांवरच अडतो. व्हिडिओ कॉलला पुरे. पुण्यातल्या घरच्या राउटरपर्यंत असा बोगदा खणायचा म्हटलं तर वेगळीच अडचण येते. आपल्याकडे बहुतेक घरगुती जोडण्यांना सार्वजनिक पत्ता मिळत नाही, शेकडो घरं एकाच पत्त्यामागे लपवलेली असतात. बाहेरून कोणाला आत यायचं दारच नाही. मग स्थिर पत्त्याचे जादा पैसे भरा, आयपीव्ही६ वर भागवा, किंवा कुठेतरी छोटा सर्व्हर भाड्याने घ्या.

एक फायदा मात्र काही न करता पदरात पडतो. एकाने मोठी फाइल चढवायला घेतली की बाकीच्यांचे कॉल तुटतात, हा अनुभव सर्वांचा. राउटर डेटाच्या पाकिटांची लांबच लांब रांग लावून ठेवतात, त्याने हे होतं. जिम गेटिस यांनी या दुखण्याकडे लक्ष वेधलं. व्हॅन जेकबसन आणि कॅथलीन निकोल्स यांनी २०१२ मध्ये कोडेल नावाचा उतारा दिला, आणि डेव्ह टाट यांनी ओपनडब्ल्यूआरटीच्या एका शाखेवर रात्रंदिवस प्रयोग करून तो घरगुती राउटरांपर्यंत पोचवला. आज लिनक्सच्या बहुतेक यंत्रणांत ती रीत चालते. टाट एप्रिल २०२५ मध्ये गेले. ज्यांचे कॉल त्यांच्यामुळे तुटत नाहीत, त्यांतल्या फारच थोड्यांना त्यांचं नाव ठाऊक असेल.

हल्ली या आकाराच्या डब्यांत बोलबाला आहे जीएल.आयनेट या कंपनीचा. तिचा पिवळाधमक ‘मँगो’ बऱ्याच जणांच्या बॅगेत दिसतो: १६ मेगाबाइट फ्लॅश, १२८ मेगाबाइट रॅम, इथरनेटची दोन पोर्टं. थोरली ‘बेरिल एएक्स’ त्याच्या कितीतरी पुढे, ५१२ मेगाबाइट रॅमची. यांच्यात कंपनीकडूनच ओपनडब्ल्यूआरटीवर बेतलेलं फर्मवेअर येतं, वर सोप्या पानांचा मुलामा. तरीही लोक ते पुसून निखळ ओपनडब्ल्यूआरटी घालतात. हौस हे एक कारण. दुसरं असं की कंपनी चिपवाल्याने दिलेलं जुनं कर्नल धरून बसलेली असू शकते आणि सुधारणा तिच्या सवडीने येतात. या डब्यांचं बूटलोडर मात्र दिलदार आहे. बटण दाबून चालू करा, ब्राउझरमध्येच एक पान उघडतं, फाइल द्या, झालं. पहिल्यांदा करणाऱ्याने ९०२एसीपेक्षा इथून सुरुवात केलेली बरी.

सरकारांना या सगळ्याची काळजी वाटते ती रेडिओमुळे. फर्मवेअर मालकाच्या हाती आलं की तो ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त ताकदीने प्रक्षेपण करू शकतो. अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामक खात्याने २०१५ मध्ये उत्पादकांना मार्गदर्शनपर प्रश्न विचारले; त्यात डीडी-डब्ल्यूआरटीचं नाव घेऊन विचारलं होतं की ते तुमच्या उपकरणावर चढू नये याची काय व्यवस्था केली आहे. गदारोळ झाला आणि मजकूर बदलावा लागला. ऑगस्ट २०१६ मध्ये टीपी-लिंकने रेडिओच्या मर्यादेच्या वेगळ्या प्रकरणात २ लाख डॉलर भरून तडजोड केली. तिच्यात एफसीसीने अट घातली की कंपनीने खुलं फर्मवेअर आपल्या राउटरवर चालावं यासाठी चिपवाल्यांसोबत प्रयत्न करावेत. त्याच खात्याने वर्षभरात मारलेली ही कोलांटी मला फार आवडते. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला, ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग २०१८ मध्ये. ताकदीच्या मर्यादा दोन्हींना आहेत. सेटिंगमध्ये देश भारत निवडायचा तो यासाठी. दुसरा देश निवडून चार दांड्या जास्त मिळवायच्या युक्त्या सांगणारे खूप भेटतात. त्यांच्या नादी लागू नये. शेजारच्या खोलीतल्या माणसालाही तोच पट्टा वापरायचा असतो.

ओपनडब्ल्यूआरटीवाले म्हणजे एकदिलाने चाललेली दिंडी, असंही समजू नये. मे २०१६ मध्ये त्यांच्यातले कळीचे प्रोग्रामर वेगळे होऊन त्यांनी ‘लीड’ नावाचा स्वतंत्र प्रकल्प काढला. तक्रार होती कामकाजातल्या अपारदर्शकतेची. दीड-पावणेदोन वर्षांनी, जानेवारी २०१८ मध्ये, दोघे पुन्हा एक झाले. नाव जुनं राहिलं, कामाची रीत नव्यांची. तोवर प्रत्येक आवृत्तीला एखाद्या कॉकटेलचं नाव असायचं आणि आत शिरल्यावर पडद्यावर त्याची कृती उमटायची. ती मजा गेली; आता आवृत्तीला फक्त वर्ष आणि महिना.

जुन्या यंत्रांना सोडून देणं त्यांनाही चुकलेलं नाही. तो लाडका ७०३एन त्यांच्या नव्या आवृत्त्यांतून कधीच बाहेर पडला, कारण चार मेगाबाइटांत आजचं कर्नल मावत नाही. आठ मेगाबाइट आणि ६४ मेगाबाइट रॅमच्या यंत्रांबद्दलही ते आता सावधगिरीचा इशारा देतात. कंपनीशी फरक एवढाच की इथे निर्णय चारचौघांत होतो, कारण आकड्यांत सांगितलेलं असतं, आणि ज्याला पटत नाही त्याला सोर्स घेऊन अनावश्यक भाग छाटून आपल्या डब्यापुरतं फर्मवेअर स्वतः बांधता येतं. असं बांधणारे आहेत.

वीस वर्षं दुसऱ्यांच्या डब्यात घुसखोरी केल्यावर नोव्हेंबर २०२४ मध्ये या मंडळींनी स्वतःचा राउटर आणला, ‘ओपनडब्ल्यूआरटी वन’. सॉफ्टवेअर फ्रीडम कन्झर्व्हन्सी ही संस्था त्यांच्या पाठीशी. बनवणारी बनाना पाय. तेव्हाची किंमत ८९ डॉलर. त्यात फ्लॅशच्या चिपा मुद्दाम दोन ठेवल्या आहेत: एक रोजच्या वापराची, दुसरी सावरून घेण्याची, आणि कुठल्या चिपवरून उठायचं ते ठरवायला अंगावरच एक स्विच. पिंगच्या चौकटीतून चोरून शिरलेल्या लोकांनी दाराची रचना स्वतः केली की ती अशी होते.

हा वन खिशात मावण्याजोगा नाही. प्रवासासाठी आज डबा घ्यायचा असेल तर फ्लॅश १६ मेगाबाइटच्या खाली आणि रॅम १२८ च्या खाली जाऊ नका, रेडिओ दोन असतील असं बघा, आणि पैसे देण्याआधी स्टिकरवरचं व्हर्जन ओपनडब्ल्यूआरटीच्या तक्त्याशी ताडून पाहा. दुकानदार थोडा वैतागेल. गल्लीत गर्दी नसते अशा वेळी, दुपारी जा.